टायबी बेटावरचं दीपगृह: १७८ पायऱ्या चढण्याआधी, चढताना आणि उतरल्यावर

अटलांटा आणि आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींची टायबीची सहल बहुधा एकाच वळणाने जाते. पहाटे निघायचं, सव्हॅना शहरात जेवायचं, दुपारी समुद्रात डुंबायचं आणि परत फिरताना कुणीतरी म्हणतं, ‘अरे, ते दीपगृह राहिलंच की!’ तोवर तिकीटखिडकी बंद झालेली असते. उघडी असली तरी पाय इतके थकलेले असतात की निम्मी मंडळी खाली बाकावरच बसून राहतात. माझं म्हणणं असं की दीपगृह सकाळी पहिलं ठेवा आणि बाकीचा दिवस त्याच्याभोवती बसवा. वर सावकाश गेलात तर अख्खं बेट, नदीचं मुख, समोरचा किल्ला आणि त्या किल्ल्यावरची लढाई एकाच सज्ज्यावरून कळते. मग दिवसभर बेटावर फिरताना आपण नक्की कुठे आहोत ते ठाऊक असतं.

चढण्याआधी एवढं माहीत असू द्या

टायबी म्हणजे जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचं, सव्हॅना नदीच्या मुखाशी असलेलं जेमतेम तीन मैल लांबीचं बेट. जॉर्जियाची वसाहत १७३३ मध्ये वसली. किनारा सगळा सपाट, ना डोंगर ना सुळका, त्यामुळे समुद्रातून येणाऱ्या जहाजाला नदीचं मुख सापडायचं कसं हा प्रश्न होता. म्हणून वसाहतीचे संस्थापक जेम्स ऑगलथॉर्प यांनी इथे उंच खूणस्तंभ उभारायला लावला. तो लाकडी मनोरा १७३६ मध्ये पुरा झाला आणि १७४१ च्या वादळात कोसळला. त्याच्या जागी आलेल्या दुसऱ्या मनोऱ्याला समुद्राच्या धुपीने गाठलं. मग १७७३ मध्ये जरा आतल्या बाजूला विटांचा तिसरा मनोरा बांधला गेला.

अमेरिकन यादवी युद्धात, १८६१ मध्ये, बेट सोडून जाणाऱ्या दक्षिणेच्या सैनिकांनी या मनोऱ्याला आग लावली. उत्तरेच्या आरमाराला त्याचा उपयोग होऊ नये हा हेतू. आतलं लाकूडकाम जळालं, पण विटांचं काम टिकलं. युद्ध संपल्यावर जुन्या मनोऱ्याचे खालचे ६० फूट तसेच ठेवून त्यावर नवं बांधकाम चढवलं आणि १८६७ मध्ये दिवा पुन्हा लागला. आज आपण चढतो तो सुमारे १४५ फुटांचा मनोरा असा दोन शतकांचा आहे: खालचा भाग अठराव्या शतकातला, वरचा एकोणिसाव्या. थळसमोरच्या खांदेरी किल्ल्यावरचं दीपगृहही १८६७ चंच. एकाच साली सव्हॅनाच्या आणि मुंबई बंदराच्या वाटेवर दिवे लागले, हे मला फार विलक्षण वाटतं.

दिवस आणि वेळ

दीपगृह मंगळवारी बंद असतं. ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते, कारण जोडून सुट्टी काढून सोमवार-मंगळवार बेटावर राहणारे पुष्कळ असतात. इतर दिवशी सकाळी ९ ला उघडतं, आणि चढाईचं शेवटचं तिकीट दुपारी साडेचारच्या सुमारास मिळतं. सणवाराच्या काही सुट्ट्यांनाही बंद असतं, तेव्हा निघण्याआधी टायबी आयलंड हिस्टॉरिकल सोसायटीच्या संकेतस्थळावर वेळा पाहून घ्या. हीच संस्था दीपगृह सांभाळते.

नऊच्या ठोक्याला पोहोचा. याची कारणं दोन. मनोऱ्यात वातानुकूलन नाही, आणि जून ते सप्टेंबर दुपारच्या दमट उन्हात आत उकडून निघतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उन्हाळ्यात या किनाऱ्यावर दुपारी तीन-चारच्या सुमारास ढग भरून येतात आणि विजा चमकतात. आसपासच्या सगळ्यांत उंच बांधकामाच्या लोखंडी सज्ज्यावर विजांच्या वेळी कुणी उभं राहू नये, म्हणून अशा वेळी चढाई थांबवतात. सकाळी ही भानगड सहसा नसते. गर्दीही कमी असते, आणि अरुंद गोल जिन्यात त्याने फार फरक पडतो.

हवेचा विचार केला तर नोव्हेंबर ते मार्च उत्तम. वसंतात आणि शरदात संध्याकाळी खाजणाच्या बाजूला चिलटांसारखे बारीक किडे फार चावतात. लहान मुलांना अंगभर कपडे घाला.

भरती बघितल्याशिवाय निघू नका

सव्हॅनापासून टायबी १८ मैल, आणि बेटावर जाणारा रस्ता एकच: हायवे ८०. त्याचा शेवटचा भाग खाजणातून भराव टाकून नेलेला आहे. मोठ्या भरतीला, विशेषतः शरदात आणि समुद्रावरून वारा असताना, त्यावर पाणी येतं आणि वाहतूक अडते. नोआ ही सरकारी संस्था फोर्ट पुलास्की या समोरच्या किल्ल्यापाशी असलेल्या भरतीमापकाचे अंदाज रोज देते. तिथला आकडा साडेनऊ फुटांच्या वर जाणार असेल तर भरतीच्या आधी-नंतरचा एखादा तास त्या रस्त्यावर जायचंच नाही, असं ठरवून टाका.

कोकणातल्या माणसाला यात नवं काही नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, हे तिथेही तसंच चालतं. मात्र तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायची आपली रीत तिथे लावू नका. किनारा बदलला की घड्याळातली वेळ बदलते. वेळ तक्त्यातच पाहा, उधाणाचे दिवस मात्र कॅलेंडरवरून खुशाल ओळखा. टायबीला भरती-ओहोटीतला फरक साधारण सात फुटांचा, म्हणजे पुष्कळच आहे.

अटलांटाहून सव्हॅना चार तासांवर. त्याच दिवशी पहाटे निघून नऊला दीपगृह गाठणं म्हणजे सगळ्यांची झोपमोड. आदल्या रात्री सव्हॅनात किंवा बेटावरच मुक्काम करा. बेटाच्या उत्तर टोकाला राहायला जागा मिळाली तर दीपगृहापर्यंत चालत जाता येतं आणि गाडी लावायचा प्रश्न मिटतो. बेटावर जवळपास सगळीकडे पार्किंगचे पैसे पडतात, आणि उन्हाळ्याच्या शनिवार-रविवारी जागा मिळणंही कठीण होतं.

काय घालायचं, काय न्यायचं

पायात मागून पट्टा असलेलं किंवा बंद पादत्राण हवं. समुद्रावर जायचं म्हणून सगळे रबरी चपला घालून येतात आणि त्याच लोखंडी पायऱ्यांवर अडकतात. साडी असेल तर पदर खोचा आणि निऱ्या किंचित वर घ्या. ओढणी असेल तर गाठ मारा. मोकळी टोपी वरच्या वाऱ्यात टिकत नाही. फोनला मनगटात अडकवायची दोरी असेल तर ती लावाच, कारण सज्ज्यावरून फोन सुटला की तो गेलाच, आणि खाली माणसं असतात.

खांद्यावरची मोठी पिशवी गाडीत ठेवा. गोल जिन्यात समोरून माणूस आला की ती भिंतीला आणि कठड्याला घासत राहते. पाण्याची छोटी बाटली पुरे. पोट भरून चढू नका, उपाशीही चढू नका. एखादं केळं किंवा दशमी खाऊन निघालं की बरं पडतं.

हृदयाचा त्रास, दमा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा चक्कर येण्याची सवय असेल तर आग्रह करू नका. भारतातून आलेल्या आईवडिलांना ‘एवढं लांब आलात तर चढाच’ असं आपण प्रेमाने म्हणतो, आणि आपलं मन मोडू नये म्हणून ते चढतात. खाली बघण्यासारखं पुष्कळ आहे, तेव्हा त्यांना तिथे कंटाळा येणार नाही.

आवारात आधी काय पाहायचं

पत्ता मेडिन ड्राइव्हवरचा. एकाच तिकिटात मनोरा, रखवालदाराचं घर आणि रस्त्यापलीकडचं संग्रहालय येतं. तिकीट काढल्यावर थेट जिन्याकडे धावू नका. आवाराच्या मध्यावर उभं राहून आधी मनोरा खालपासून वरपर्यंत बघा. काळा, पांढरा, पुन्हा काळा असे जाड पट्टे दिसतील. ही दिवसाची ओळख. रात्री दिव्यावरून दीपगृह कळतं, दिवसा रंगावरून. किनाऱ्यावरच्या प्रत्येक दीपगृहाचे पट्टे वेगळे असत, म्हणजे नकाशा उघडून बसलेल्या खलाशाला समोरचं ठिकाण कोणतं ते कळे. इथला रंग मधल्या काळात बदलला होता. १९९८ नंतरच्या दुरुस्तीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले पट्टे परत आणले.

मुख्य रखवालदाराचं घर १८८१ चं आहे आणि शेजारचं वेगळं स्वयंपाकघर १८१२ चं. उष्णता आणि आगीची भीती घरापासून दूर राहावी म्हणून स्वयंपाकघर असं सुटं बांधत. वर चढायचं नसेल त्यांनी या घराला निवांत वेळ द्यावा. १९३३ मध्ये वीज येईपर्यंत इथे तीन रखवालदार लागत, कारण तेल जिन्याने वर न्यायचं, रात्रभर दिवा सांभाळायचा आणि सकाळी भिंग पुसायचं हे एका माणसाचं काम नव्हतं.

चढाई

पायऱ्या १७८. साधारण दर पंचवीस पायऱ्यांनंतर सपाट टप्पा येतो आणि तिथे खिडकी असते. ही रचना म्हणजे चढणाऱ्यावर मोठी कृपा आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. एका दमात वर जायची शर्यत मुलं लावतात. त्यांना लावू द्या, पण पुढे एक मोठं माणूस ठेवा.

गोल जिन्यातली पायरी आतल्या बाजूला निमुळती आणि बाहेरच्या बाजूला रुंद असते. पाय बाहेरच्या, रुंद बाजूला टाका आणि एक हात कायम कठड्यावर ठेवा. वरून कुणी उतरत असेल तर टप्प्यावर थांबा, भर जिन्यात एकमेकांना ओलांडू नका. खालून आवाज दिला की वर ऐकू जातो, तेव्हा निघण्याआधी ‘आम्ही येतोय’ असं मोठ्याने सांगायला हरकत नाही. तिथले लोकही तसंच करतात.

श्वासाचं सोपं गणित: शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर वेग बरोबर. एकेक शब्दच तुटून येत असेल तर पुढच्या टप्प्यावर दोन मिनिटं थांबायचं. गड चढणाऱ्यांना हे सांगायला नको, पण इथे मोकळा वारा नसतो, त्यामुळे सवयीच्या माणसालाही अपेक्षेपेक्षा लवकर धाप लागते.

टप्प्यावर थांबलात की भिंतीकडे बघा. खालच्या टप्प्यांवर खिडकीची खोबण इतकी खोल असते की भिंतीची जाडी नुसत्या डोळ्यांना कळते. जसजसं वर जाल तसतशी ती खोबण उथळ होत जाते. एवढा उंच विटांचा मनोरा उभा राहायचा तर वजन खाली जास्त हवं, म्हणून भिंत वर पातळ होत जाते. मुलांना हे प्रत्येक टप्प्यावर हात घालून मोजायला लावा. पायऱ्या मोजण्यापेक्षा यात ती जास्त रमतात. हाताखाली खरखरीत, किंचित दमट वीट लागते. निम्म्याच्या जरा अलीकडेपर्यंत १७७३ च्या विटा आहेत हे त्या वेळी त्यांना सांगा.

माझ्या सासूबाई गुडघ्यांमुळे कचरत होत्या, पण टप्प्याटप्प्याने निघाल्या. तिसऱ्या खिडकीशी मी विचारलं, “आई, उतरू या का?” त्या काचेला कपाळ टेकवून बाहेर बघत होत्या. “अगं, थांब जरा. ती झाडं बघ, आत्ता आपल्या डोक्यावर होती.” असं प्रत्येक खिडकीशी चाललं आणि त्या वरपर्यंत आल्या. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनाही हाच उपाय सांगेन: मधल्या पोकळीत खाली बघायचं नाही, भिंतीकडे बघत चढायचं आणि खिडकीतून दूर बघायचं. फार वाटलं तर कुठल्याही टप्प्यावरून परत फिरता येतं.

लहान मुलाला कडेवर घेऊन चढू नका. जिना अरुंद, एक हात कठड्यावर हवाच, आणि उतरताना पुढची पायरी दिसत नाही. मुलाचा हात धरायचा तर बोटं न धरता मनगट धरा.

सज्ज्यावर: एक प्रदक्षिणा

दारातून बाहेर पाऊल टाकताच वारा अंगावर येतो. आधी पाठ मनोऱ्याला लावून अर्धा मिनिट नुसतं उभं राहा. मग पूर्वेपासून सुरुवात करून सावकाश एक फेरी घाला.

पूर्वेला अटलांटिक. पुळणीवर उभं असताना क्षितिज तीन मैलांच्या आतच असतं. इथून ते तेरा-चौदा मैलांवर जातं. दिवा उंचावर ठेवण्याचं सगळं कारण या एका आकड्यात आहे. तुम्हाला जितकं लांबचं पाणी दिसतं, तितक्या लांबच्या गलबताला दिवा दिसतो. जहाजाचा डेक स्वतःच उंच असेल तर आणखी लांबून. या दिव्याचा पल्ला सुमारे १८ मैल आहे.

उत्तरेला सव्हॅना नदीचं मुख आणि पलीकडे साउथ कॅरोलिना. सव्हॅना बंदराकडे जाणारी कंटेनर जहाजं टायबीच्या याच टोकाजवळून आत वळतात. आदल्या दिवशी जहाजांची जागा दाखवणाऱ्या एखाद्या ॲपवर वेळ पाहून ठेवा. हजार फूट लांबीचं जहाज डोळ्यांसमोरून नदीत शिरताना बघायला मिळालं तर सहलीचं सार्थक झालं.

पश्चिमेला माझा सगळ्यांत आवडता देखावा. हिरवं-तपकिरी खाजण, त्यातून वळणं घेत गेलेल्या खाड्या, आणि कॉकस्पर बेटावर विटांचा फोर्ट पुलास्की. जाड भिंतींमुळे हा किल्ला अभेद्य समजला जाई. एप्रिल १८६२ मध्ये उत्तरेच्या सैन्याने टायबीच्या किनाऱ्यावर, म्हणजे तुमच्याच बेटावर, आतून पेचदार खाचा असलेल्या नव्या तोफा मांडल्या आणि सुमारे ३० तासांच्या माऱ्यात भिंतीला भगदाड पाडलं. किल्ला शरण आला, आणि विटांच्या किनारी किल्ल्यांचा काळ तिथेच संपला. जंजिरा, सिंधुदुर्ग बघत वाढलेल्या माणसाने या सज्ज्यावरून ते अंतर डोळ्यांनी मोजावं. मैलभराहून जास्त आहे, आणि एवढ्या अंतरावरून भिंत फुटेल हे किल्ल्यातल्या लोकांना खरं वाटत नव्हतं.

दक्षिणेला बेटाची घरं, पाण्याची टाकी, लांबलचक पुळण आणि तिच्या टोकाशी समुद्रात गेलेला धक्का. दिवसभराचा बेत इथेच ठरवून टाका.

दिव्याबद्दल थोडं. वरच्या काचेच्या खोलीत पहिल्या श्रेणीचं फ्रेनेल भिंग आहे, सुमारे नऊ फूट उंच. ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात ही युक्ती काढली. एकच जाडजूड भिंग न घेता काचेच्या कडींची वर्तुळं अशी रचायची की चहूकडे विखुरणारा उजेड वळून एका आडव्या पट्ट्यात समुद्राकडे जाईल. त्यामुळे साध्या तेलाच्या दिव्याचा उजेडही मैलोगणती पोहोचे. टायबीचा दिवा उघडझाप करत नाही, स्थिर जळतो. रात्री पुळणीवरून बघाल तेव्हा ‘फिरत का नाही?’ असं मुलं विचारतील, म्हणून सांगून ठेवते.

उतरताना

दम चढताना लागतो, गुडघे उतरताना बोलतात. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे वडीलधाऱ्यांना खाली असतानाच समजावून ठेवा. फार दुखत असेल तर एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावं. मागे माणसं असली तर त्यांना टप्प्यावर पुढे जाऊ द्या. गोल उतरताना काहींना गरगरतं; नजर आपल्या पुढच्या तीन-चार पायऱ्यांवर ठेवली की ते थांबतं. फोन खिशात. बहुतेक माणसं उतरताना फोटो बघतात आणि पायरी चुकते.

उरलेला दिवस

रस्त्यापलीकडचं संग्रहालय एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या फोर्ट स्क्रीव्हनच्या तोफखान्यात आहे. जाड भिंतींमुळे आत थंडावा असतो, चढून आल्यावर बरं वाटतं. तिथून उत्तरेची पुळण अगदी जवळ. ती बघायला सुरेख असली तरी नदीच्या मुखापाशी पाण्याला ओढ फार असते आणि मोठ्या जहाजांच्या लाटा उशिराने, अचानक किनाऱ्यावर येतात. जिथे पोहायला मनाई असल्याच्या पाट्या आहेत तिथे गुडघाभर पाण्यातही मुलांना सोडू नका. डुंबायचं असेल तर जीवरक्षक असतात त्या दक्षिणेच्या धक्क्याजवळ जा. शाकाहारी मंडळींनी जेवण बरोबर ठेवावं. बेटावरच्या खानावळी बहुतेक मासे, खेकडे, कोळंबीच्या.

परतताना फोर्ट पुलास्कीला थांबा. सकाळी वरून पाहिलेल्या भिंतीवर तोफगोळ्यांच्या खुणा अजून दिसतात, काही गोळे विटांत रुतून राहिलेले आहेत. त्याच आवाराच्या टोकाला, पाण्यात, कॉकस्परचं बुटकं दीपगृह आहे. १८६२ च्या माऱ्यात ते तोफांच्या वाटेत होतं, तरी शाबूत राहिलं. किल्ल्याचं फाटक संध्याकाळी ५ ला बंद होतं, म्हणून साडेतीनपर्यंत तिथे पोहोचा, आणि निघण्याआधी संध्याकाळच्या भरतीची वेळ पुन्हा एकदा पाहा.